कुलूप भारी, कोयंडा लेचापेचा

पत्र थोडक्यात : नाशिकच्या वेशीवर वाढलेल्या वस्तीतल्या एका ६४ फ्लॅटच्या सोसायटीच्या या सचिव. मेच्या सुट्टीत आठवड्याभराच्या अंतरानं तिथले दोन बंद फ्लॅट फुटले. पहिल्या घरमालकांकडून पोलिसांनी अर्ज लिहून घेतला, ‘चौकशी करतो’ म्हणाले आणि पुढे काही झालं नाही. दुसऱ्या घरच्यांनी तक्रारच दिली नाही. ‘दागिन्यांच्या पावत्या नाहीत, आणि शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये,’ असं त्यांचं म्हणणं. मग तातडीची सभा झाली. जुन्या वॉचमनला काढायचं, घरकामाच्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासायच्या, सोसायटीतल्या पोरांनी काठ्या घेऊन रात्री गस्त घालायची आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर पालं टाकून राहिलेल्या कुटुंबांना हलवा म्हणून पोलिसांना सह्यांचा अर्ज द्यायचा, असं सभेत ठरत आलं आहे. त्या लिहितात, ‘पोलीस काही करत नाहीत हे दिसतंच आहे. मग आपलं आपण बघितलं तर चुकलं कुठे? पण त्या अर्जावर पहिली सही सचिव म्हणून माझी लागणार, आणि माझा हात उठत नाही.’ सोबत फुटलेल्या दाराचा एक फोटोही आहे.

ताई,

हात उठत नाही तर सही करू नका. सभेनं ठराव केला तरी नको. त्याचं कारण आधी सांगावं म्हणते, बाकीचं मागून.

त्या कुटुंबांबद्दल तुमच्या पत्रात एवढंच आहे की ती दिवाळीपासून तिथे आहेत, पुरुष भंगार गोळा करतात आणि बायका सुया-पोत, पिना विकत फिरतात. आणि सभेत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की ‘यांची जातच चोरांची’. कोणी काही पाहिलं का, कॅमेऱ्यात कोणी दिसलं का, याबद्दल एक अक्षर नाही. असतं तर तुम्ही लिहिलं असतंच.

‘जातच चोरांची’ हे कोणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. रोजची हजेरी, गावाबाहेर जायला पास, तारेच्या कुंपणाआड वसाहती. सोलापुरात अशी वसाहत होती, त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून त्या जमाती, म्हणजे आजचा विमुक्त समाज, तो दिवस पाळतो. आपल्या सभेतले आजोबा त्यानंतर जन्मलेले असावेत, तरी कायद्यातलं कलम त्यांना तोंडपाठ आहे.

बरं, तत्त्वाचं सोडा, व्यवहाराचं पाहा. तुमचा अर्ज ठाण्यात गेला की त्याचा एकच उपयोग होतो. कोणाला उचलायचं याचं आयतं उत्तर मिळतं. पहाटे गाडी येते, दोन-तीन पुरुष ‘चौकशीला’ नेले जातात, बायका ठाण्याच्या आवारात बसून राहतात. सोसायटीला वाटतं पोलीस हलले. आणि ज्यानं खरंच दार फोडलं तो? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर पुढच्या सोसायटीची पाहणी करत असतो. त्या प्लॉटवर अतिक्रमण असेल तर तो प्लॉटमालकाचा आणि महापालिकेचा विषय आहे. त्याला घरफोडीचं शेपूट जोडू नका.

आता ‘पोलीस काही करत नाहीत’ याकडे येऊ. तुमच्याकडे दोन घरफोड्या झाल्या हे तुम्हाला माहीत, आता मलाही माहीत. ठाण्याच्या दप्तरी किती? एकही नाही. पहिल्या घराचा अर्ज आहे, आणि अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे. तो कोणा हवालदाराच्या नावानं चौकशीवर निघाला आणि फायलीत झोपला. दुसऱ्या घराचा तर कागदच नाही. रात्रगस्तीचे पॉइंट कुठे ठेवायचे, गस्तीवरच्या बीट मार्शलची गाडी कुठल्या गल्लीतून दोनदा फिरवायची, गुन्हे प्रकटीकरण पथकानं कुठे लक्ष घालायचं, हे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरतं. कागदावर तुमची सोसायटी अगदी शांत आहे. मग गाडी कशाला येईल?

अर्जच का घेतात, हेही समजून घ्या. नोंदलेली घरफोडी उघडकीस आली नाही की गुन्हे बैठकीत प्रभारी अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. अर्जाबद्दल कोणी विचारत नाही. तुमच्या भागाचा पोलीस, म्हणजे बीट अंमलदार, त्याच दिवशी समन्स-वॉरंट बजावत असतो, पासपोर्टची पडताळणी करत असतो, कुठल्या तरी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभा असतो. कामचुकार असतातच, नाही असं नाही. पण कामाचा माणूससुद्धा जे कागदावर नाही त्यावर हलत नाही.

म्हणून पहिलं काम, पहिल्या घराचा एफआयआर. घरफोडी दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. ठाण्यात कदाचित तुम्हाला ऐकवतील की नव्या कायद्यात १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. करता येते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. पण ती तीन वर्षं किंवा अधिक आणि सातपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरती, तीही उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं. चोरीसाठी केलेल्या घरफोडीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ नुसार दिवसा दहा वर्षांपर्यंत आणि सूर्यास्तानंतर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमचं प्रकरण त्या सवलतीत बसतच नाही. हे भांडायला म्हणून सांगत नाही. काउंटरवर कोणी म्हणालंच तर गोंधळू नये म्हणून. मुळात ठाणे अंमलदाराशी हुज्जत न घालता प्रभारी निरीक्षकांची वेळ घ्या. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर तीच तक्रार लेखी, टपालानं वरिष्ठांकडे पाठवायची : आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर उपायुक्तांकडे, ग्रामीणमध्ये असाल तर अधीक्षकांकडे. त्यापुढे दंडाधिकारी आहेत. तक्रारीला उशीर का झाला ते एका ओळीत खरं लिहायचं, ‘आधी अर्ज दिला होता’ एवढं पुरे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

एक सावधगिरी. चोरी झाली असताना ‘गहाळ’ अशी नोंद कोणी सुचवली तर ती घेऊ नका. हरवलेल्या वस्तूचा चोरीसारखा तपास होत नसतो.

दुसऱ्या घरचे काका-काकू मात्र मला पोलिसांपेक्षा अवघड वाटतात. त्यांच्याशी तुम्हीच बोला, समितीचं शिष्टमंडळ नेऊ नका. पावती नसणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. सासूनं घातलेल्या पाटल्यांची पावती कोणाकडे असते? पण लग्नाचा अल्बम असतो, बारशाचे, डोहाळजेवणाचे फोटो असतात. हात पुढे करून ओटी घेतानाच्या फोटोत पाटल्यांची नक्षी स्पष्ट दिसते, मंगळसूत्राच्या वाट्या दिसतात. ओळख पटवायला असे फोटो कामी येतात. सगळं आजच आठवलं पाहिजे असंही नाही. नंतर लक्षात आलेली वस्तू पुरवणी जबाबात लिहून देता येते. मात्र गेलं त्याच्यापेक्षा वाढवून लिहू नका. ‘तसंही मिळणार नाही, तर पाच तोळे दहा लिहू’ असं म्हणणारे महाभाग प्रत्येक बिल्डिंगीत एक तरी असतात, आणि माल सापडला की तेच अडकतात.

काकांच्या मनात इन्कमटॅक्सचीही भीती असावी असा माझा अंदाज. त्यांना सांगा, धाड पडली तरी विवाहित बाईच्या ५०० ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांना हात लावू नये, अशी प्रत्यक्ष कर मंडळाची १९९४ पासूनची सूचना आहे. राहता राहिली कोर्टाची पायरी. सापडलेला मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात कुजत ठेवू नये. फोटो, पंचनामा करून, हमीपत्र घेऊन तो मालकाला लवकर परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच बजावलं आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पोलीस स्थापना सप्ताहात ठिकठिकाणी लोकांना दागिने परत देण्याचे कार्यक्रम होतात, त्यांचे फोटो पेपरात येतात. तिथे ज्यांच्या हातात डबी असते, त्या सगळ्यांनी कधीतरी तक्रार दिलेली असते.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. मी तो बराच वेळ पाहिला. कुलूप शाबूत आहे! पितळी, भारीपैकी, बंदच्या बंद, कोयंड्यात लोंबतंय. कोयंडा मात्र तीन स्क्रूंसकट चौकटीतून उपटून आलाय आणि स्क्रूच्या आट्यांत लाकडाचा भुसा अडकलेला दिसतोय. ते स्क्रू करंगळीच्या पेराएवढेही नाहीत. बातम्यांत ‘कडी-कोयंडा उचकटून’ असं वारंवार असतं, ते याचसाठी. चोर सहसा कुलपाच्या वाटेला जात नाही. कटावणी घालतो, एक हिसका देतो, फार आवाजही होत नाही. हजार-दीड हजाराचं कुलूप घेणारा माणूस बिल्डरनं ठोकलेल्या कोयंड्याकडे बघतही नाही.

सुतार बोलवा, ६४ दारांचं एकदम काम द्या, स्वस्तात होईल. कोयंडा आरपार बोल्टनं, आतून नट लावून बसवता येतो. त्याहून बरं म्हणजे दाराच्या आत बसणारं, बाहेरून न दिसणारं कुलूप. बाहेर लोंबणारं कुलूप दाराच्या आधी एक गोष्ट सांगतं, घरात कोणी नाही. दारात साठलेले पेपर आणि दिवसाढवळ्या जळणारा व्हरांड्याचा दिवाही तेच सांगतात. ‘निघालो कोकणात, आठ दिवस!’ हे व्हॉट्सअॅपचं स्टेटस तर कहरच. फोटो परत आल्यावर टाकले तर समुद्र कुठे जात नाही.

आणखी एक, ज्याकडे सोसायट्यांचं लक्ष नसतं. घर फोडायच्या आधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालायची चोरांची जुनी रीत आहे. आवाज आला तरी शेजारी आतच अडकतो. बाहेरच्या कडीची गरज नसेल तर ती काढून टाका. आणि वरच्या-खालच्या मजल्यावरच्या दोघांचे नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. तुमच्या मोठ्या ग्रुपवर रात्री अडीचला टाकलेला मेसेज सकाळी सुप्रभातच्या फुलांखाली सापडेल. आधी पोलिसांचा ११२, मग शेजारी, मग ग्रुप.

फुटलेल्या दोन घरांकडे जास्त लक्ष द्या, कारण एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटायची शक्यता जास्त असते. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावातल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात याचा नीट अभ्यास झाला. तिथे एकदा घरफोडी झालेल्या घरात पुन्हा होण्याची शक्यता इतरांच्या चौपटीहून अधिक निघाली. त्यांनी सगळ्या वसाहतीवर पहारा बसवला नाही. फुटलेल्या घराची दुरुस्ती ताबडतोब केली आणि त्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांना तेवढ्या एका घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं. घरफोड्या झपाट्यानं उतरल्या. आपल्याकडे ज्याचं फुटलं तो ‘आता काय राहिलंय न्यायला’ म्हणून मोडका कोयंडा तारेनं बांधून ठेवतो. चोराला मात्र घराची मांडणी कळलेली असते, आणि विमा किंवा भावाकडून नवी वस्तू येईल हेही.

वॉचमन काकांना काढायचं म्हणताय. ते अकरा वर्षं तुमच्याकडे आहेत, एकटे, बारा तासांची रात्र. त्या रात्रीत त्यांनी पंप चालू-बंद करायचा, उशिरा येणाऱ्यांना गेट उघडायचं, पहाटे सात-आठ गाड्या पुसायच्या. ते झोपले होते असं सभेत म्हणाले म्हणे. झोपले असतीलही. माणूस आहे तो. त्यांना कोणी विचारलं का, त्या रात्री तुम्ही कुठे होतात? पंपहाउसमध्ये असतील तर मागचं गेट कोण बघत होतं? नवा माणूस एजन्सीकडून घेणार असाल तर एजन्सीकडे २००५ च्या कायद्याचा परवाना आहे का ते पाहा, पडताळणी झालेला माणूस मागा. पण बारा तासांचीच पाळी ठेवणार असाल तर बदल फक्त गणवेशाचा होईल. आठ तासांच्या पाळ्या परवडत नाहीत असं खजिनदार म्हणतील. दर फ्लॅटमागे महिन्याला किती पडतं, ते आकडा मांडून सभेपुढे ठेवा आणि मग ठरू द्या.

घरकामाच्या बायकांच्या पिशव्या तपासायचं डोक्यातून काढून टाका. अपमान तर आहेच, शिवाय आंधळेपणा आहे. दिवसा सोसायटीत कोण नवा माणूस रेंगाळतोय, हे आठ घरं फिरणाऱ्या बाईइतकं कोणालाच कळत नाही. नोंदवही ठेवायची तर सगळ्यांसाठी ठेवा. इंटिरिअरवाले, पार्सलवाले, सभासदांचे भाऊबंदसुद्धा. भाडेकरूंची माहिती ठाण्यात दिली आहे का, हे आधी पाहा. ती न देणारे फ्लॅटमालक सभेत सर्वांत मोठ्यानं बोलतात.

पोरांच्या गस्तीबद्दल मला खरी काळजी वाटते. उत्साह चांगला आहे, काठ्या नकोत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरमध्ये गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. चोर येताहेत या अफवेनं त्या भागात रात्रीचे पहारे चालू होते. मारणारे कोणी सराईत नव्हते. घर राखायला बाहेर पडलेली माणसं होती. तुमच्या सोसायटीतली पोरं चांगल्या घरची आहेत, हे मान्य. रात्री दोनला, हातात काठी, समोर अंधारात पळणारा माणूस, आणि मागे ती पालं. पुढचं लिहायला नको.

कायद्यानं त्यांना काय करता येतं? डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस धरू शकतो, पण विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. संशयावरून कोणाला अडवून झडती घेता येत नाही, एक थप्पडही मारता येत नाही. तेव्हा गस्त घालायचीच तर नावं ठाण्यात देऊन घाला. पुष्कळ ठाण्यांत पोलीस मित्र म्हणून नोंद करून घेतात. हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी, खिशात फोन. काही दिसलं तर शिट्टी वाजवायची, दिवे लावायचे, ११२ फिरवायचा, पाठलाग करायचा नाही. आवाज आणि उजेड झाला की बहुतेक चोर पळतात, आणि पळू द्यावेत. खेड्यातल्या वाचकांनी हेच काम पोलीस पाटलांना सांगून ग्रामसुरक्षा दलामार्फत करावं. रोहाउसवाल्यांना तर सोसायटीही नसते, त्यांनी गल्लीपुरता पाच घरांचा गट केला तरी चालेल.

निरीक्षकांकडे जाताना चौघंजण जा, आणि त्यात एखादी कामवाली मावशी किंवा वॉचमन काका असू द्या. त्यांना जे दिसतं ते ते स्वतः सांगतील. मागणी मोजकी ठेवा : एफआयआर, बीट अंमलदाराचं नाव आणि नंबर, आणि गस्तीच्या गाडीचा थांबा. काही शहरांत गस्तीवरचे पोलीस क्यूआर कोड स्कॅन करून हजेरी लावतात. तुमच्या मागच्या गेटला तो कोड लावता येईल का, विचारा. त्या बाजूचा रस्त्याचा दिवा बंद असेल तर महापालिकेला वेगळं पत्र द्या.

जायच्या आधी एक काम मात्र आजच करा. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधलं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. दोन्ही घरफोड्यांच्या तारखांचं अजून शिल्लक असेल तर ताबडतोब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कोणी आणि कधी उतरवलं ते लिहून ठेवा, कारण कोर्टात त्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याच वेळी डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का पाहा. पुष्कळ ठिकाणी ते तास-दोन तास मागे-पुढे असतं. आणि निरीक्षकांना जे पत्र द्याल, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.